जिन्यावरचा पेला

१

सुमंत मास्तर गेले ते हृदयविकारानं, असं पोस्टमॉर्टेमचा कागद म्हणत होता, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच कागदाच्या खालच्या ओळीबद्दल. टाळूला चिकटलेलं तुळशीचं एक पान मिळालं, वाळकं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

"काका, बाबा एकटे जिन्यावर मेले म्हणतात," वेदश्री म्हणाली. "मग हे पान घातलं कुणी?"

वेदश्री ही मास्तरांची एकुलती एक लेक. हुबळीत बँकेत आहे. तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी पोरगी धारवाडला माझ्या दारात हजर. मार्च महिना, सन एकोणीसशे नव्याण्णव. समोर बुद्धिबळाचा पट तसाच मांडलेला होता, मास्तरांची खेळी बाकी होती. दर गुरुवारी ते यायचे, एक डाव हरायचे, दोन कप चहा प्यायचे आणि जायचे. बायको गेल्यापासून माझ्याकडे येणारा तो एकच माणूस. बाकी येतात ते वीजबिलवाले.

माझी ओळख सांगतो. दत्तात्रेय गुमास्ते, निवृत्त वकील. चाळीस वर्षं धारवाडच्या कोर्टात फौजदारी केली. माझी उलटतपासणी गाजलेली होती. एका साक्षीदाराला मी तीन तास उभा करून सगळ्या कोर्टासमोर रडवला होता, ती गोष्ट मी मास्तरांना दहा वेळा तरी ऐकवली असेल. मास्तर एकदाही हसले नाहीत. शिक्षकाला विनोद कळत नाही, असं मी म्हणायचो.

वेदश्रीनं पिशवी उपडी केली. पोलिसांनी परत दिलेलं सामान होतं. चष्मा, नीट घडी करून त्याच्या घरात घातलेला. शर्ट, डाव्या खिशावर पाण्याचा मोठा डाग. एक छोटी डायरी. आणि स्टीलचा एक पेला.

"पेला आमचा नाही," ती म्हणाली. "पोलिसांना वाटलं बाबांचाच असेल."

पेल्यावर मशीननं नाव घातलं होतं: 'चि. साकेत पोरे याचे बारसे, १२ मे १९९६'. काठाच्या जरा खाली एक बारीक भोक होतं. जुना झाला असेल म्हणून मी तो बाजूला ठेवला. डायरी उघडली. मास्तर शाईचं पेन वापरत. सगळी पानं स्वच्छ होती, 'ग'च्या पानावर मात्र शाई फुटली होती, नेमकी माझ्या नंबराशेजारी.

"बघ," मी म्हणालो, "जाता जाता माझंच नाव पुसून गेला तुझा बाप."

ती हसली नाही. बापावर गेलेली.

"डॉक्टर म्हणाले, अटॅक आल्यावर बाबा अर्धा-पाऊण तास जिवंत होते. हॉस्पिटल रिक्षानं दहा मिनिटांवर होतं. कुणीतरी त्यांच्या शेजारी बसलं, पाणी पाजलं, चष्मा काढून घडी केली, तुळस ठेवली आणि मरू दिलं. काका, मला त्या माणसाचं नाव पाहिजे."

"नाव घेऊन काय करणार? अगं, आपल्याकडे तसा कायदा नाही. शेजाऱ्याचं पोर विहिरीत बुडतंय आणि तू काठावर बसून शेंगा सोलतेस, तरी कायदा तुझं काही करू शकत नाही. ढकललं असशील तर गुन्हा. नुसतं बघितलं तर नाही."

"मग असा कायदा पाहिजे."

"पाहिजे ना. काही देशांत आहेही म्हणतात."

"तो होईल तेव्हा होईल. मी पेपरात लिहिणार आहे, नावासकट. सगळ्या हुबळीला कळू दे. तुम्ही शोधून द्याल का नाही, तेवढं सांगा."

मास्तर गेले त्या मंगळवारची दुपार मला नीट आठवते. दुपारची झोप मोडली म्हणून मी दिवसभर चिडलेला होतो. हे मेले ब्लँक कॉल! फोन घ्यावा, नाव विचारावं, तर पलीकडचा ठेवून देतो. संध्याकाळी पुन्हा फोन वाजला तो वेदश्रीचा होता.

"देतो," मी म्हणालो. दुसरं काम तरी काय होतं मला?

२

कोप्पीकर रोडवर ती एक जुनी तिमजली इमारत आहे. खाली शंकर पोऱ्यांचं भांड्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर साड्यांना फॉल-पिको करणारी मंगला, वर दाताचा डॉक्टर. डॉक्टर तीनला येतो. मास्तरांची वेळ तीनची, आणि ते पोचले दोनला. मास्तर आयुष्यभर सगळीकडे तासभर आधी पोचत आले. तीन वाजता डॉक्टरचा कंपाउंडर आला तेव्हा मास्तर पहिल्या वळणाच्या पायऱ्यांवर गार पडलेले.

दीड ते चार तिथली दुकानं बंद असतात, रस्ता कसा चिडीचूप. मी मुद्दाम सव्वाचारला गेलो. वकील म्हटलं की लोक तोंडाला कुलूप लावतात, म्हणून फक्त 'मास्तरांचा मित्र' एवढंच सांगायचं ठरवलं होतं, आणि तेवढंच सांगितलं.

पोरे गोल चेहऱ्याचे, घामेजलेले गृहस्थ. मी पिशवीतून पेला काढल्यावर एकदम उजळले.

"आमच्या साकेतच्या बारशाचा! दोनशे पेले वाटले होते हो. बजारातल्या सगळ्यांच्या घरात सापडंल तुम्हाला."

म्हणजे पेल्यावरच्या नावाचा उपयोग शून्य. मी भोक दाखवलं.

पोऱ्यांचा चेहरा पडला. "हे कसलं? आम्ही भोकाचे पेले वाटू होय पाव्हण्यांना? नातवाच्या बारशाला? हा आमचा नव्हंच."

"पण नाव तर तुमचंच आहे."

"असू दे की! मी नाही दिला." ते खरोखर दुखावले होते.

"त्या दुपारी तुम्ही कुठं होता?"

"घरी," ते म्हणाले. जरा जास्तच झटकन म्हणाले.

बाहेर जिन्याखालच्या सांदीत एक माणूस बसला होता. पोऱ्यांच्या गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर नावं घालून देतो. समोर ते छोटं मशीन, शेजारी मातीचा माठ, डोक्यावर सुतळीला टांगलेली पाच-सात भांडी. पन्नाशीचा असेल, पांढरा शर्ट, मान खाली. एका परातीवर 'मामांकडून सप्रेम भेट' उमटत होतं. त्या खरखरीत मला ओरडावं लागलं.

"अहो, इथं वरती एक मास्तर गेले, त्या दुपारी होता का तुम्ही?"

मशीन थांबलं. मान वर झाली नाही. "इल्लरी, नाही वकीलसाहेब. मी जेवायला घरी जातो."

"वामन एक ते तीन घरी असतोय," पोरे आतून म्हणाले. "दहा वर्षं झाली, त्याचा नेम आहे."

मशीन पुन्हा सुरू झालं. मी रस्ता ओलांडून बसस्टॉपकडे निघालो, तेवढ्यात मागून धापा टाकत पोरे आले. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या त्यांनी.

"राव, थांबा. खोटं बोललो. मी दुकानातच होतो. अर्ध शटर ओढून आत निजतो मी दुपारी. निजल्या जागेवरनं जिना दिसतो, खालून थोडाच." त्यांनी कपाळ पुसलं. "मला पाय दिसले हो. पडलेल्या माणसाचे दोन. आणि त्याच्या शेजारी बसलेल्याचे दोन."

३

"शेजारी कोणी बसलंय म्हटल्यावर मी कशाला उठू, सांगा?" पोरे पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कोणीच नसतं तर उठलो असतो. देवाशप्पथ उठलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी मंगलाकडे गेलो. चाळिशीची बाई, नवरा नाही, दिवसभर एकटी मशीनवर. मी मास्तरांचं नाव काढताच तिनं सुई टोचून घेतली.

"अण्णा, मी वरनं वाकून बघितलं," ती म्हणाली. "दोन-सव्वादोन असतील. एकाच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. तो पुठ्ठ्यानं वारा घालत होता. मला वाटलं घरचंच माणूस आहे. इतक्या मायेनं कोण परक्याला वारा घालतं?"

"तोंड दिसलं?"

"वरनं काय दिसणार? पांढरा शर्ट, विरळ केस. एकदा त्यानं डोकं अलगद पायरीवर ठेवलं, बाहेर पळाला, पाचेक मिनिटांनी परत आला. मला वाटलं रिक्षा बघायला गेला. पण रिक्षा तर समोरच उभी होती, रिक्षावाला आत झोपलेला. परत आला तेव्हा त्याचे हात असे थरथरत होते." तिनं हात करून दाखवला. "मग खिशातनं काहीतरी काढून त्यांच्या तोंडात ठेवलं."

"मग तुम्ही खाली का नाही गेलात?"

मंगलानं साडीचा काठ डोळ्याला लावला. "मी बाईमाणूस, अण्णा. एकटी राहते. उद्या पोलीस माझ्या दारात आले तर सगळा बजार काय बोलेल? आणि तो होताच की त्यांच्याजवळ. घरचं माणूस असल्यावर मी मधे कशाला पडू?"

म्हणजे हिशेब असा झाला की एक माणूस जवळ बसला, आणि तो बसला म्हणून बाकीचे बसून राहिले. माझा संताप संताप झाला. त्या जिन्यावर मास्तर एकटे असते तर कदाचित वाचले असते!

जाताना दारात मंगला म्हणाली, "तुळसच असेल ती, तर तुम्ही आचार्यांना विचारा. मंगळवारी दुपारी ते इथल्या दुकानांतले देव पूजतात. त्या दिवशीही आले होते. आणि पूजा न करताच परत गेले."

४

बाळाचार्य सत्तरीचे, काटक, सोवळ्याचे कडक. मंगळवार-शुक्रवार दुकानं बंद असताना मालक त्यांना किल्ली देतात, ते आत जाऊन गणपतीला पाणी घालून येतात. मी त्यांना गाठलं ते त्यांच्या घराच्या ओसरीवर. हातात तुळशीची परडी होती. मला वाटलं, झालं, सापडला.

"आचार्य, त्या दिवशी जिन्यावरून परत का फिरलात?"

ते परडी खाली ठेवून म्हणाले, "वर दाताच्या दवाखान्यातला गणपती पुजायला निघालो होतो, सोवळ्यात. जिना अरुंद. तो माणूस आडवा. ओलांडून जाता येत नाही, शिवल्याशिवाय जाता येत नाही. दुसरा कोणी पाठमोरा बसला होता, त्याच्याकडे सोपवून मी परत फिरलो."

"सोपवलंत? काही बोललात त्याच्याशी?"

"मनात," आचार्य म्हणाले. "घरी येऊन आंघोळ केली. तेव्हापासून रोज करतो ती आंघोळ पुरत नाही मला. बोला, अजून काय बोलायचंय ते बोला."

मी चाळीस वर्षं माणसं फाडून खाल्ली, त्या म्हाताऱ्याला मात्र सोडलं. मी पोस्टमॉर्टेमचा कागद पुढे केला.

"तुळस तुमची?"

त्यांनी कागद वाचला, परडीतलं पान माझ्या तळव्यावर ठेवलं. हिरवंगार, ओलं. "माझी तुळस अशी असते. वाळकं पान कोण बाळगतं, सांगू? ज्यानं कधीतरी कुणाला पाण्यावाचून मरताना पाहिलंय, आणि पुन्हा तशी वेळ आली तर हात रिकामा नको म्हणून जो ते खिशात घेऊन हिंडतो. असा माणूस धर्माचा नसतो हो. घाबरलेला असतो."

"मग त्यानं रिक्षा का नाही बोलावली?"

"ते तुम्ही शोधा. वकील आहात ना?"

मी दचकलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि प्रश्न असे की उत्तर देणारा आरोपीच. मी अंदाज केला," आचार्य म्हणाले.

बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात ते घुसलं. आचार्यांनी अंदाज केला, तोही चार प्रश्नांनंतर. आणि त्यांच्या आधी एका माणसानं माझ्याकडे मान वर न करताच मला वकीलसाहेब म्हटलं होतं.

५

घरी येऊन मी पेला घेतला, पाणी भरलं आणि आरशासमोर खुर्चीत मागे रेलून प्यायलो. म्हाताऱ्यानं असले खेळ करू नयेत, पण बघायला कोण होतं? भोकातून धार लागली आणि शर्टाचा डावा खिसा भिजला. मास्तरांच्या शर्टावर होता तसाच, तिथंच.

म्हणजे पाणी ह्याच पेल्यानं पाजलं होतं. आता असा पेला कोण वापरतं? कुणीही नाही. आतून तो आरशासारखा होता, राखेचा, काथ्याचा एक ओरखडा नाही. तीन वर्षांत तो एकदाही घासला गेला नव्हता. आणि भोक गंजाचं नव्हतं, मुद्दाम पाडलेलं होतं, सुतळी ओवायला.

नाव घालणारे काय करतात ते मला ठाऊक होतं, बायको असताना भांडी घेतली होती आम्ही. दोनशे भांड्यांवर नाव घालायचं तर आधी एकावर घालून मालकाला दाखवतात. अक्षर पसंत पडलं की मग बाकीची. तो पहिला नमुना कारागीर स्वतःकडे ठेवतो, भोक पाडून डोक्यावर टांगतो, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. दोनशे पेले पोऱ्यांनी वाटले. दोनशे एकावा वामनच्या सुतळीला होता.

कुणीतरी तहानेनं तडफडतंय, हाताशी माठ आहे, आणि पेला म्हणावा असा एकच, डोक्यावर लटकणारा. माणूस तोच ओढणार.

इथपर्यंत सगळं बरोबर बसलं. मला मात्र आनंद होईना. तो मला ओळखत कसा होता? मी त्याला कधी पाहिलेलं आठवत नव्हतं. पटावर मास्तरांची खेळी तशीच बाकी होती. मी रात्रभर काही खाल्लं नाही आणि सकाळची पहिली बस धरली.

६

वामन डबा उघडून बसला होता, जिन्याखालीच. दुपारचे दोन वाजलेले. सकाळपासून मी समोरच्या हॉटेलात बसून वाट पाहिली होती. एक वाजता तो उठला नाही, घरी गेला नाही. दहा वर्षं तो तिथंच जेवत होता, आणि दोन हातांवर निजणाऱ्या पोऱ्यांना पत्ता नव्हता. घरी त्याचं कोणी नाही, हे मला नंतर कळलं.

मी पेला त्याच्यासमोर ठेवला. "हा तुझा."

त्यानं हात धुतले, पेला पुसला आणि सुतळीला अडकवला. "मी म्हणतच होतो, तुम्ही येणार," तो म्हणाला. "तुम्ही सोडत नाही."

"मला कसा ओळखतोस?"

"तुम्ही मला ओळखलं नाही होय?" पहिल्यांदाच त्यानं मान वर केली. "वामन रामचंद्र हेरेकर. तुम्हीच घोकून घेतलं होतंत माझ्याकडनं. 'नाव सांगा. पूर्ण नाव सांगा. मोठ्यानं सांगा.' तीन तास."

मी पायरीवर बसलो.

सन शहाऐंशी. कलघटगीच्या रस्त्यावर एका ट्रकनं सायकलस्वार उडवला आणि पळाला. होस्टेलचा एक शिपाई मागून चालत येत होता. त्यानं बैलगाडी थांबवली, जखमीला मांडीवर घेऊन धारवाड गाठलं, हॉस्पिटलात स्वतःचं नाव दिलं. जखमी वाटेत मेला. ट्रकमालकाचा वकील मी. तो शिपाई एकटाच साक्षीदार. मी त्याला विचारलं होतं, परक्याला कोण उचलतं? पाडणाराच उचलतो. सायकल तूच पाडलीस, काठीनं, पैशासाठी. ट्रकमालक सुटला. ह्याच गोष्टीवर मी मास्तरांना दहा वेळा हसवायला बघत होतो.

"माझ्यावर केस झाली नाही," वामन म्हणाला, "पण साक्षीच्या तारखा सहा वर्षं चालल्या. होस्टेलानं काढून टाकलं. गावात लोक म्हणायचे, उगीच नाही कोण उचलत. बायको माहेरी गेली ती गेलीच. साहेब, तुम्ही अजून एक विचारलं होतंत. आठवतंय? 'एवढा कळवळा होता, तर मरणाऱ्याच्या तोंडात पाण्याचा थेंब का नाही घातलास?' बैलगाडीत पाणी कुठलं? पण ते मनात राहिलं. तेव्हापासनं माठ जवळ ठेवतो, तुळस पाकिटात ठेवतो."

"मग ह्या वेळी रिक्षा का नाही..."

"वीस पावलांवर होती. हात केला असता तर आली असती." तो शांतपणे बोलत होता, आणि मला ते सहन होत नव्हतं. "पण नेलं की नाव द्यावं लागतं. माझं नाव सांगायची ताकद नाही उरली. पाणी पाजलं, वारा घातला. तेवढ्याला नाव विचारत नाहीत."

मी विचारलं, "मंगला म्हणाली, तू मधे बाहेर गेलास."

वामननं मान फिरवली. "ते नका विचारू."

"सांग."

"मास्तर बोलत होते तोवर. म्हणाले, दत्तूला फोन करा, तो सगळं बघतो. वकील आहे, कुणाला घाबरत नाही. डायरीत 'ग'मध्ये बघा. माझं बोट ओलं होतं, तुमच्या नंबरावरची शाई फुटली. नाव मी वाचलंच नाही, गडबडीत नुसते आकडे बघितले. समोर औषधाच्या दुकानाबाहेर तो लाल डब्याचा फोन आहे. म्हटलं, कोणी घाबरत नाही असा माणूस आहे तर तोच येऊन नेईल, मला नाव द्यावं लागणार नाही. नंबर लावला. तुम्ही उचललात."

झोपेतून उठून मी ओरडलो होतो. माझा तो कोर्टातला आवाज, अजून तसाच आहे.

"तुम्ही म्हणालात, 'कोण आहे? नाव सांगा. पूर्ण नाव सांगा!'" वामन म्हणाला. "मी फोन ठेवला. परत लावावा म्हटलं, पण बटणं दाबता येईनात. परत आलो तर मास्तर चालले होते. तुळस ठेवली. वर कुणाचं पाऊल वाजलं तेव्हा पळालो."

"काही बोलले का शेवटी?"

"विचारलं, येतोय का तो. मी म्हटलं, निघालाय."

७

गुरुवारी वेदश्री आली. वही उघडून, पेन काढून बसली. पटावरच्या सोंगट्यांकडे तिनं एकदा बघितलं, मी त्या अजून उचलल्या नव्हत्या.

"तुझे बाबा एकटे नव्हते," मी म्हणालो. "डोकं एकाच्या मांडीवर होतं. तो वारा घालत होता. त्यानं पाणी दिलं, चष्मा काढला, मदत येतेय असं सांगितलं. घाबरून गेले नाहीत ते."

ती तोंडावर पदर घेऊन रडली. पहिल्यांदाच रडत असावी, कारण थांबेचना. मी आत जाऊन पाणी आणलं.

"त्याचं नाव?"

"ते मी नाही सांगणार. त्याचं नाव मी एकदा भर कोर्टात घेतलंय. पुरे झालं. आणि तुझा कायदा होणार असेल तेव्हा त्यात एवढं घालायला सांग, की जो उचलून आणेल त्याला कुणी उभं करून उलटं टांगायचं नाही. ती भीती घालवल्याशिवाय उचलणारा दुसरा येणार नाही."

"काका, तुम्ही काय बोलताय? बाबा वाचले असते. कुणीतरी त्यांना मरू दिलंच ना? त्या माणसाला सोडायचं?"

"नाही. सोडायचं नाही. त्या दुपारी बाबांनी एकाला बोलावलं होतं. त्याला फोन गेला होता. त्यानं उचललाही. दोन शब्द नीट बोलला असता, कोण आहे रे बाबा, काय झालं, एवढं जरी विचारलं असतं, तरी तुझे बाबा आज इथं बसून डाव हरले असते."

वेदश्रीनं डोळे पुसले. पेन हातात घेतलं. बापासारखीच, काम अर्धं न सोडणारी.

"कोण तो? नाव सांगा," ती म्हणाली. "पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. "दत्तात्रेय भीमराव गुमास्ते."

तिनं लिहिलं नाही. वही मिटली, बापाची डायरी पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता उठून गेली. फाटक लावल्याचा आवाज आला. पुढच्या गुरुवारी मी दोन कप चहा टाकला, सवयीनं. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही.